उलथनं कोणाच्या हातात?

प्रश्न थोडक्यात असा: जोडीदाराला स्वयंपाक उत्तम येतो, मला जेमतेम. शेगडीपुढे उभं राहिलं की हात आखडतो. म्हणून दोघं मिळून करायला लागलो, पण माझ्या वाट्याला चिरणं, धुणं आणि हातात भांडी देणं एवढंच येतं. असं किती दिवस केलं म्हणजे एकट्यानं करायचा धीर येईल?

असं कितीही दिवस केलं तरी येणार नाही. चिरणं हे काम आहे, त्यात निर्णय जवळजवळ नाही. स्वयंपाकात धीर लागतो तो चार-पाच निर्णयांसाठी: आच किती ठेवायची, पुढची वस्तू कधी घालायची, पाणी पुरेल का, मीठ बसलं का आणि खाली कधी उतरवायचं. हे सगळे निर्णय ज्याच्या हातात उलथनं तो घेतो. तुम्ही शंभर कांदे सुबक चिरलेत तरी त्यातला एकही कधी परतून झाला, हे तुमच्या डोळ्यांनी ठरवलेलं नाही.

तेव्हा पहिला बदल जागांचा करा. तुम्ही शेगडीशी, जोडीदार चॉपिंग बोर्डाशी. हे उलटं वाटेल, पण यात सोयही आहे. नवशिक्याची सगळ्यात मोठी फजिती होते ती कढईत काहीतरी चाललेलं असताना इकडे टोमॅटो चिरायचा राहिलेला असतो तेव्हा. सराईत हात चिरायला असला की सगळं वाटीत तयार मिळतं आणि तुमचं पूर्ण लक्ष आचेवर राहतं. चिरायला नंतर शिकता येईल. ते सुरीच्या धारेचं आणि सरावाचं काम आहे, धैर्याचं नाही.

आता अवघड भाग. तो तुमच्यासाठी नाही, जोडीदारासाठी आहे.

सराईत माणसाचा हात आपोआप पुढे येतो. ‘दे इकडे, करपेल’ म्हणून उलथनं काढून घेतलं की भाजी वाचते आणि शिकवणी बुडते, कारण नेमक्या त्या अर्ध्या मिनिटात तुम्हाला दिसणार असतं की ‘आता झालं’ आणि ‘आता गेलं’ यांत अंतर किती. म्हणून नियम कडक ठेवा: जोडीदारानं न विचारता बोलायचं ते फक्त तीन प्रसंगी. तेलातून धूर यायला लागला तर, कोणाला कापण्या-भाजण्याचा धोका दिसला तर, आणि कच्चं मांस किंवा अंडं लागलेला हात, सुरी वा बोर्ड न धुता दुसरीकडे वापरला जात असेल तर. बाकी सगळ्याला तोंड बंद. कांदा करपला तर करपू द्या. एका कांद्याचं नुकसान होतं, आणि तो वास तुम्ही जन्मात विसरत नाही.

तुम्ही विचारलंत तर? तरीही उत्तर लगेच देऊ नये. ‘झालं का गं?’ किंवा ‘झालं का रे?’ याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं की निर्णय पुन्हा जोडीदाराकडे गेला. त्याऐवजी उलट विचारावं: ‘आवाज कसा येतोय?’, ‘कड बघ, काय रंग आहे?’, ‘एक तुकडा दाबून बघ.’ तुम्ही बघाल, ठरवाल, मग जोडीदारानं पटलं की नाही ते सांगावं. या दहा सेकंदांच्या उशिरानं सहसा काही बिघडत नाही. बिघडेल असं वाटलं तर आच कमी करा आणि मग बोला. आच कमी करणं हा नवशिक्याचा सगळ्यात भरवशाचा बचाव आहे, आणि का कोण जाणे, तोच कोणी शिकवत नाही.

पहिल्या बैठकीला जेवण करायचंच नाही. फक्त कांदा परतायचा. दोन मध्यम कांदे म्हणजे साधारण २५० ते ३०० ग्रॅम, सारख्या जाडीचे काप. २ टेबलस्पून तेल. पसरट, जाड बुडाचं भांडं. मध्यम आच. पांढरी ताटली शेजारी ठेवा आणि ५, १०, १५, २० मिनिटांनी एकेक चमचा कांदा काढून तिच्यावर ओळीनं मांडा.

काय दिसेल? सुरुवातीला आवाज ओला आणि मोठा असतो, चरचर. कांद्यात वजनाच्या जवळजवळ नऊ-दशांश पाणी असतं. ते निघून जाईपर्यंत कांद्याचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपासच अडकून राहतं, आणि कांदा तांबूस होण्याची क्रिया जोर धरते ती साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणून पहिली सात-आठ मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. नवशिका इथेच कंटाळून आच वाढवतो. मग पाणी संपतं, आवाज बारीक आणि कोरडा होतो, वास उग्रपणा सोडून गोडसर येतो, आणि जे वीस मिनिटांत व्हायचं ते दोन मिनिटांत होऊन कडा काळ्या पडतात, मधला भाग मात्र पांढराच. आवाज बदलला की आच कमी करायची, ही एकच गोष्ट त्या दिवशी शिकलात तरी पुरे. कडा आधीच गडद होत असतील तर टेबलस्पूनभर पाणी घाला आणि भांड्याच्या बुडाला चिकटलेलं खरवडून घ्या. रंग सगळीकडे सारखा होतो.

शेवटी ताटलीवरचे चारही ढीग दोघांनी चाखा. पाच मिनिटांचा कांदा पारदर्शक, अजून तिखटसर. वीस मिनिटांचा मऊ, गोड, सोनेरी. पाककृतींमध्ये ‘कांदा पाच मिनिटं सोनेरी होईपर्यंत परता’ असं लिहिलेलं असतं, ते या ताटलीपुढे साफ खोटं ठरतं. पाककृतीतल्या वेळेवर विश्वास ठेवून जमलं नाही की आपण आपल्यालाच दोष देतो. ताटली बघितल्यावर ती सवय जरा सुटते.

याच बैठकीत जमलं तर दुसराही प्रयोग करा. त्याच भांड्यात तिप्पट कांदा घाला. थर जाड झाला की खालची वाफ वर सुटत नाही, कांदा परतला न जाता शिजतो, पाणी सुटून करडा दिसतो. तीच गोष्ट मशरूमची, बटाट्याच्या कापांची, मांसाच्या तुकड्यांची. ‘माझं कुरकुरीत होत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा भांड्यातली गर्दी असते. त्यावर उपाय म्हणजे दोन खेपा.

दुसरी बैठक मिठाची. इथे एकट्यापेक्षा दोघं असण्याचा खरा फायदा आहे. बटाटा-कांद्याचं किंवा कसल्याही भाज्यांचं साधं सूप करा, तयार झाल्यावर साधारण एक लीटर भरेल इतकं, आणि त्यात मीठ अजिबात घालू नका. बहुतेकांना खारटपणा बरा वाटतो तो वजनाच्या सुमारे ०.८ ते १ टक्का मिठाला, म्हणजे एका लीटरला ८ ते १० ग्रॅम. ५ मिलीलीटरच्या सपाट चमच्यात बारीक मीठ ५ ते ६ ग्रॅम मावतं. जाडं मीठ त्याहून कमी, म्हणून चमच्याचं माप मिठाच्या जातीप्रमाणे बदलतं. अर्धा चमचा घाला, ढवळा, अर्धा मिनिट थांबा. चमचाभर वाटीत काढून फुंकून निववा आणि मग चाखा. उकळतं सूप जिभेला चटका देतं, चव देत नाही.

आता दोघांनी एकमेकांकडे न बघता कागदावर लिहायचं: कमी, पुरे, जास्त. बोलायचं नाही, चेहरा करायचा नाही. मग पुढचा अर्धा चमचा. एका टप्प्यावर सूप ‘पाणचट’वरून अचानक ‘बटाट्याच्या चवीचं’ होतं. तो टप्पा ओळखणं म्हणजेच मीठ ओळखणं. तुमचा ‘पुरे’ आणि जोडीदाराचा ‘पुरे’ अर्ध्या चमच्यानं वेगळा निघाला तर घाबरू नका. ती चूक नव्हे, आवड आहे. इतके दिवस घरात एकाच्याच आवडीचं मीठ पडत होतं, एवढंच त्यातून कळतं. उलथनं तुमच्या हातात असेल त्या दिवशी तुमचा आकडा चालेल. हवं त्यानं ताटात वरून घ्यावं.

दोन पथ्यं. जे आटवायचं आहे त्यात मीठ शेवटी पुरं करा, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. निम्मं आटलं की खारटपणा दुप्पट. आणि खारट झालं तर बटाटा घालून ‘मीठ शोषून घेतो’ यावर विसंबू नका. बटाटा खारट पाणीच पितो, उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. वाचवायचं असेल तर प्रमाण वाढवा: पाणी, शिजवलेली डाळ, बिनमिठाची भाजी. थोडंसंच जास्त झालं असेल तर लिंबाचे चार थेंब ते जाणवू देत नाहीत.

तिसऱ्या बैठकीपासून जेवण. पहिला पदार्थ म्हणून भात चांगला, कारण त्यात हात चालवण्यापेक्षा हात आवरणं जास्त आहे. एक कप तांदूळ, पाणी गढूळ दिसेनासं होईपर्यंत धुवून, वीस मिनिटं भिजवून, निथळून घ्या. लांब दाण्याच्या तांदळाला दीड कप पाणी, जरा मऊ हवा असेल तर पावणेदोन. न भिजवता केलात तर दोनपर्यंत. उकळी येऊ द्या, घट्ट झाकण, आच अगदी बारीक, १२ ते १५ मिनिटं. मग गॅस बंद आणि झाकण न उघडता आणखी दहा मिनिटं. ही शेवटची दहा मिनिटं लोक गाळतात. त्या वेळात वरचा ओलावा आणि खालचा कोरडेपणा एकमेकांत मुरतो; आधीच ढवळलं तर दाणा तुटून चिकट होतो.

प्रमाण दुप्पट करताना मात्र फसायला होतं. पाण्यातला एक वाटा दाणा पितो, दुसरा वाफ होऊन जातो. दाणा पितो तो वाटा तांदळाबरोबर दुप्पट होतो. वाफेचा वाटा भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर ठरतो, तो जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून एका कपाला दीड लागत असेल तर दोन कपांना तीन नव्हे, पावणेतीनच्या आसपास लागतं. पाहुणे आले की भाताचा लगदा होतो तो याचमुळे.

भात कच्चा राहिला तर दोन-तीन टेबलस्पून गरम पाणी शिंपडून, झाकून, बारीक आचेवर पाच मिनिटं. फार ओला झाला तर पसरट ताटात मोकळा करा, वाफ जाऊ द्या. बूड लागलं तर खरवडू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. हेच कुठल्याही करपलेल्या रश्शाला लागू. ढवळलं की करपट वास सगळीकडे जातो, न ढवळता ओतलं तर बहुतेक वाचतं. उरलेला भात बाहेर तासन्‌तास राहू देऊ नका; त्यातले काही जिवाणू शिजवूनही बीजरूपानं टिकतात आणि कोमट भातात वाढतात. एक-दोन तासांत फ्रिजमध्ये.

अंडी खात असाल तर भाताच्या जोडीला तीही घ्या, कारण सगळा निकाल तीन-चार मिनिटांत लागतो आणि पुन्हा करून बघणं सोपं असतं. दोन अंडी, चिमूट मीठ, चमचाभर लोणी, मंद आच, सतत ढवळणं. अंडं अजून जरा ओलं दिसतंय तेवढ्यात आचेवरून काढा. भांड्यातली आणि खुद्द अंड्यातली उष्णता पुढचं काम करते. पूर्ण झालेलं दिसेपर्यंत थांबलात तर ताटात येईपर्यंत ते रबरी होऊन पाणी सोडतं. ‘झालं’ म्हणण्याआधी थोडं थांबवायचं असतं, हे अंड्याइतकं स्पष्ट कुठलाच पदार्थ दाखवत नाही. मात्र घरात गर्भवती, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्यासाठी पूर्ण घट्ट होऊ द्या.

मग तोच पदार्थ पाच वेळा करा. नव्यानव्या पाककृतींच्या मागे लागलात तर दर वेळी सगळंच वेगळं असतं, आणि बिघडलं तर का बिघडलं ते कळत नाही. तोच पदार्थ, तेच भांडं, तीच शेगडी. दर खेपेला एकच गोष्ट बदला, आच किंवा पाणी किंवा वेळ. फ्रिजवर कागद लावून तीन गोष्टी लिहा: काय बदललं, किती मिनिटं लागली, खाताना काय वाटलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुम्ही घड्याळाकडे बघायचं विसराल. ते चांगलं लक्षण.

वेळ कुठली निवडता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. कामावरून आल्यावर, दोघांना कडकडून भूक लागलेली असताना शिकू नका. तिथे सराईत माणूस उलथनं हिसकावणारच, आणि त्याला बोल लावता येणार नाही. सुट्टीचा दिवस, आधी पोटाला आधार, आणि जेवायची वेळ ठरवून उलटी मोजणी. आठला बसायचं असेल आणि भाताला भिजवण्यासकट पाऊण तास लागत असेल तर सव्वासातला तांदूळ धुतलेला हवा. नवशिक्यानं प्रत्येक कामाला अंदाजाच्या दुप्पट वेळ धरावा. यात कमीपणा नाही. सराईतही पहिल्यांदा तेवढाच वेळ घेतात.

लहान स्वयंपाकघरात दोन माणसं म्हणजे धक्काबुक्की. एकाची जागा शेगडी, दुसऱ्याची बोर्ड, आणि मध्ये एक ठरलेला कोपरा, जिथे चिरलेलं ठेवायचं आणि जिथून उचलायचं. हातातून हातात काही द्यायचं नाही, सुरी तर नाहीच. ती ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. शेजारी-शेजारी उभं राहणार असाल आणि एक डावखुरा असेल तर त्यानं डावीकडे उभं राहावं, म्हणजे दोघांचे कामाचे हात बाहेरच्या बाजूला राहतात आणि कोपरं भिडत नाहीत. बोर्डाखाली ओला फडका पिळून पसरा, तो सरकत नाही. आणि तीन हाका पाठ करा: ‘मागे आहे’, ‘गरम आहे’, ‘सुरी आहे’. पहिले दोन दिवस हसू येतं. उकळत्या पाण्याचं पातेलं सिंककडे नेताना मागून कोणी वळलं की त्या हाकेची किंमत कळते.

शेगडीशी उभं राहणाऱ्याला दोन गोष्टी झोपेतही आठवल्या पाहिजेत. तेलानं पेट घेतला तर पाणी कधीच ओतायचं नाही. गॅस बंद, वर घट्ट झाकण सरकवायचं, भांडं जागेवरून हलवायचं नाही आणि पूर्ण निवेपर्यंत झाकण उघडायचं नाही. भाजलं तर अंगठी, बांगडी काढून वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली; बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर डॉक्टर. हे आधीच बोलून ठेवलं की भीती निम्मी होते, कारण नवशिक्याच्या मनात ‘मीठ कमी पडलं तर’ यापेक्षा ‘पेट घेतला तर’ ही भीती खोल असते आणि ती कोणी उघड बोलत नाही.

जेवताना काय बोलायचं? पहिल्या घासाला तर काहीच नाही. ज्यानं केलं त्यानं आधी सांगावं, काय जमलं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. जोडीदारानं एकच गोष्ट सांगावी, तीही कारणासकट: ‘मसाला कच्चा लागतोय, पाणी घालायच्या आधी अजून दोन मिनिटं लागली असती.’ नुसतं ‘छान झालंय’ हेही फारसं उपयोगाचं नाही. त्यातून पुढच्या वेळी आच किती ठेवायची ते कळत नाही, आणि खोटं बोललेलं दुसऱ्या घासाला कळतंच.

पाचव्या-सहाव्या बैठकीनंतर जोडीदारानं घराबाहेर जायचं. दुसऱ्या खोलीत नव्हे, बाहेर. शेजारच्या खोलीतला माणूस वासावरून हाक मारतोच. फोन करायचा नाही, तेल पेटलं किंवा भाजलं तर सोडून. तोच पदार्थ, तीच मापं, पण चिरण्यापासून उतरवण्यापर्यंत सगळं तुमचं, म्हणून वेळ दुप्पट धरा आणि शेगडी पेटवण्याआधी सगळं चिरून वाट्यांत भरून ठेवा. कांदा तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवून धारदार सुरीनं चिरलात तर डोळ्यांना पाणीही कमी येतं. मध्ये कुठे अडलात तर आच बारीक करा, भांडं बाजूला घ्या, एक मिनिट थांबा, चाखा. आतापर्यंत जोडीदार जे प्रश्न विचारत होता ते स्वतःला विचारा. जोडीदारानं परत आल्यावर झाकण उचलून बघू नये, चमचा घालून चाखू नये. हात धुवावेत आणि पानावर बसावं.